कर्म नाय, कर्ब

हेडमास्तर सायब, जाधव मास्तरांच्या घरची मानसं, शाळेची पोरं, आनि गावोगावावरनं आलेली तुमी सगळी मंडळी...

जरा थांबा. दम घेऊ द्या मला.

मी पारू. कळंबची. कागदावर पार्वती हाय, पन पार्वती म्हनून कोनी हाक मारली तर मीच मागं वळून बघते, कोनाला बोलावतात ते. दिवसभर शेतात वरडते, माझा आवाज चार बांध पल्याड जातो असं लोक बोलतात. आनि आज हा माइक तोंडाजवळ वढून घ्यावा लागतोय. मास्तर त्या फोटोत बसलेत ना, हार घालून. त्यांच्याकडं बघितलं का सगळं इसरायला व्हतं. मी तिकडं बघतच नाय. तुमच्याकडं बघून बोलते.

खरं सांगू? मी आज बोलनार नव्हते. मास्तरांच्या मंडळींना, वयनींना भेटायचं, कोपऱ्यात बसून दोन आसवं गाळायची आनि संध्याकाळची येष्टी धरायची, एवढंच ठरवून आले व्हते. पन आत्ता एक पाव्हने इथं उभे राहून बोलले. नाव घेत नाय, मानूस चांगला हाय, मनापासनं बोलला. ते बोलले का जाधव मास्तर भर उमेदीत गेले, नोकरीत असताना गेले, छातीत कळ आली आनि गेले, ह्याला इलाज नाय. त्यांचं कर्म तेवढंच व्हतं. मागल्या जन्मीचं काय फेडायचं असंल ते फिटलं.

तवा मी वयनींकडं बघितलं. वयनींनी मान खाली घातली. मंग मला बसवेना. आमचे हे मागं बसलेत, ते बघा, त्यांनी माझा पदर धरला. "बस की गं खाली!" बोलले. मी पदर सोडवला आनि आले.

कारन मंडळी, हा जो शब्द हाय ना, कर्म, ह्या एका शब्दापायी ह्या मानसानं माझ्या शेतात, चिखलात उभं राहून काय केलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आनि त्याच्याच शोकसभेत तोच शब्द त्याच्या माथी मारायचा? नाय बाबा. पारू जिवंत हाय तोवर तरी नाय.

बारा-तेरा वर्सं झाली असतील. मास्तर ह्याच शाळेत सायन्स शिकवायचे, तुमाला ठावंच हाय. आनि रविवार आला का सायकल काढायची आनि एक गाव धरायचं. आज कळंब, फुडल्या रविवारी पळसदरी, त्याच्या फुडल्या रविवारी शेलू. घरात ल्हान पोर, बायको वाट बघतेय, आनि ह्यांचं आपलं चावडीफुडं सायन्स चालू. वयनी, तुमी ह्या मानसाबरोबर संसार केला तरी कसा वो?

हसल्या. हसा, वयनी. मास्तरांना बरं वाटंल.

तर त्या उन्हाळ्यात ते कुठल्याशा शिबिराला जाऊन आले व्हते. तिथं त्यांनी ऐकलं का सगळ्या जगाच्या हवेत एक वायू वाढत चाललाय. लांब समुद्रात कुठं एक डोंगर हाय, त्याच्यावर बसून शहानी मानसं हवा मोजतात. आनि दर वर्सी तो वायू आदल्या वर्सापेक्षा जरा जास्तच भरतो. मास्तर हे सांगायला लागले तर आमचे काशीनाथदादा, गावचे पाटील, आता ते बी नायत, ते बोलले, "हवा मोजत्यात? ती रं कशी? पायलीनं का शेरानं?"

सगळी चावडी हसली. मास्तर बी हसले. मंग बोलले, "दादा, तुमच्या चंचीत चुना आहे का?"

दादांनी चुना दिला. दिला म्हंजे वरनं टाकला, मास्तरांच्या हाताला हात लागू नये असा. मास्तर बौद्ध. त्यांचे वडील आमच्याच गावच्या कडंच्या वस्तीत ऱ्हायचे, दादांच्या खळ्यावर राबायचे. तर चुना वरनं टाकला हे कोनाच्या डोळ्यात बी भरलं नाय. माझ्या बी नाय. असंच चालायचं. हे ध्यानात ऱ्हाऊ द्या.

मास्तरांनी तो चुना तांब्यात कालवला, निवळू दिला, आनि वरचं नितळ पानी काचेच्या पेल्यात ओतलं. मंग पपईच्या पानाचा देठ कापला, पोकळ असतो ना तो, नळीवानी. बोलले, "कोण फुंकणार?" एक बी बाप्या फुडं येईना. भूतबित काय निघालं तर! मंग मी उठले. मला कुठं गप बसवतं? देठ पान्यात बुडवला आनि फुंकले. फुंकले, फुंकले, आनि बघता बघता ते नितळ पानी दुधावानी पांढरं झालं.

आरं तिच्या! सगळे उठून उभे ऱ्हायले.

मास्तर बोलले, "पारूबाई, हा तुमच्या आतून आला. हा कर्ब वायू. प्रत्येक जिवंत माणसाच्या श्वासात असतो. लाकूड जाळा, कोळसा जाळा, हाच निघतो. वर जातो आणि साठतो."

आता मास्तर बोलले कर्ब. आमी ऐकलं काय? कर्म!

एकट्या पारूनं नाय, अख्ख्या चावडीनं ऐकलं. कर्ब कोनाच्या बापाला ठावं? तुमी शिकलेले हसताय. पन सांगा बरं, तुझ्या आतनं निघतंय, जाळलं का वाढतंय, वर जाऊन साठतंय, असं कोनी सांगितलं तर तुमी काय समजला असता? आमचे हे तिथंच बोलले, "हिच्या तोंडातनं दुसरं काय निघनार!" झालं. मी विहिरीवर गेले का बाया बोलायच्या, "पारू, लांब ऱ्हा गं, फुंकू नको, आमचं पानी नासंल." उन्हाळाभर तेच.

हसन्यावारी गेलं असतं सगळं. पन मास्तर जाता जाता एक बोलून गेले. "आपल्या भागात सगळ्यात जास्त काय जळतं? राब. राब जरा कमी भाजून बघा."

शहरातली मंडळी बसलीत, त्यांच्यासाठी सांगते. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर आमी झाडाचा तोडलेला पाला, शेन, गवत पसरतो, वर माती टाकतो आनि पावसाआधी ते पेटवून देतो. त्याला राब भाजनं बोलतात. तणाचं बी जळतं, राख व्हते, मंग रोप जोरात येतं. त्या दिसांत इकडं खोपोलीपासनं तिकडं नेरळपर्यंत गावंच्या गावं धुरात असतात.

आनि आमच्या ह्यांना दमा. धूर झाला का छाती भात्यावानी वर-खाली. बोलता येत नाय, निजता येत नाय, नुसतं माझ्या तोंडाकडं बघायचं. त्या वर्सी तर लईच वाढला व्हता. मी मनात हिशेब जोडला. राब जाळतो, कर्म वर जातं, साठतं, आनि ते येऊन माझ्या नवऱ्याच्या छातीवर बसतं. मास्तर काय खोटं बोलनार? एका बाजूला वर्साचा भात, एका बाजूला कपाळाचं कुंकू. मी बोलले, अवंदा राब भाजायचा नाय. हे बोलले, "येडी झालीस काय?" मी बोलले, व्हय, झाले.

आनि मंग पाऊस पडला, बी टाकलं. रोप आलं का? तण आलं! रान माजलं नुसतं. त्याच्यात रोप बघावं तर पिवळं, वीतभर बी नाय, हात लावला का मोडतंय. शेजाऱ्यांच्या लावन्या लागल्या. बाया गानी म्हनत वाकल्यात, आनि मी माझ्या मोकळ्या शेताच्या बांधावर बसले. ज्याचं रोप गेलं त्याचं वर्स गेलं, मंडळी. पेरायला दुसऱ्यांदा बी नाय आनि वेळ बी नाय.

मंग माझं डोस्कं फिरलं. तशीच निघाले ती कर्जतला आले. हीच शाळा, हाच व्हरांडा. अंगावरचं इरलं न काढता वर्गाच्या दारात उभी ऱ्हायले, पानी गळतंय, आनि वरडले, "वो मास्तर! तुमचं कर्म वर जाऊ नये म्हनून मी राब भाजला नाय! आता माझ्या पोरांनी काय खायचं?"

मास्तरांच्या हातात खडू. बोलले, "काय वर जाऊ नये म्हणून?"

"कर्म!"

पोरं फिसकन हसली. मास्तर नाय हसले. त्यांचं तोंड असं झालं, जसं कोनी थोबाडीत मारली. बाहेर आले. मला वाटलं, आता मला हाकलनार. तर ते व्हरांड्यात खाली बसले, माझ्यासमोर, वल्या फरशीवर.

बोलले, "पारूबाई, मी कर्ब म्हणालो हो. कर्म नाही. मागच्या जन्मी पाप केलंस म्हणून ह्या जन्मी तुला ही जात, असं सांगून माझ्या बापाला गावाबाहेर ठेवलं. छप्पन साली आम्ही ते सगळं सोडून दिलं. मी शाळकरी पोर होतो, बापाचं बोट धरून गेलो होतो. आणि मीच तुमच्या चावडीवर येऊन कर्म शिकवून गेलो?"

माझा सगळा राग गेला. पन राग गेला म्हनून शेत थोडंच हिरवं व्हतं? मी बोलले, "मास्तर, कर्म असो नायतर कर्ब असो, माझं रोप गेलं."

"चला," बोलले. हेडमास्तरांना सांगून आले आनि येष्टीत बसले माझ्यासंगं.

माझ्या बांधावर उभे ऱ्हायले. रोपाकडं बघितलं. बांधावर ऐनाचं झाड हाय, हिवाळ्यात पाल्यासाठी मी त्याच्या फांद्या उतरवून ठेवल्या व्हत्या. ते झाड परत फुटलं व्हतं, लालसर कोवळा पाला, मानसाच्या उंचीचा. मास्तर त्याच्याकडं बघत ऱ्हायले. मंग कपाळावर हात मारून घेतला.

"सायन्सचा मास्तर मी, आणि हे मला दिसलं नाही! पारूबाई, पाला जळतो, कर्ब वर जातो. पण हेच झाड नवा पाला फोडताना तो हवेतून परत खाली ओढून घेतं. झाडं जगवून पाला तोडलात, तर तुमच्या राबाचं देणं-घेणं इथल्या इथं फिटतं. वाढतो तो दुसराच. जमिनीच्या पोटातून कोळसा काढतात, तेल काढतात, ते जाळतात, त्याचा. ज्या झाडांचा तो कोळसा झाला ती कधीच मेली, ती कुठून येणार परत घ्यायला? माथेरानची छोटी गाडी, खोपोलीकडची धुराडी, मुंबईच्या गिरण्या, आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त ते साता समुद्रापलीकडचे मोठे देश. ते सगळं सोडून मी बोट दाखवलं कुठं, तर तुमच्या राबाकडं."

ह्यांच्या दम्याचं मी येष्टीत सांगितलं व्हतं, तर बोलले, "धूर तुमच्या मालकांच्या छातीला वाईटच, राब भाजताना त्यांना लांब ठेवा. पण बाकी मी चुकलो."

मी चुकलो! ऐकलंत? शिकलेला मानूस, सरकारी पगार, आनि माझ्यावानी अंगठेबहाद्दर बाईला भर शेतात बोलला, मी चुकलो. माझ्या उभ्या जन्मात एक बाप्या माझ्याशी असं बोलला नव्हता. आमचे हे तर अजून नाय बोलले.

आनि बोलून थांबले नायत ना! बूट काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आनि गावात शिरले. दारोदार. प्रत्येक दारात तेच. "राब कमी करा म्हणालो, ते माझं चुकलं. पारूबाईंनी माझं ऐकलं, त्यांचं रोप गेलं. तुमच्यातल्या दोन मुठी रोप द्या." ऐन लावनीत रोप कोन देतं? ज्याला त्याला आपल्या शेताचं पडलेलं. मी मागनं चालतेय, मेल्याहून मेल्यासारखी. बोलले, "मास्तर, तुमी नका, मी मागते." तर मास्तर बोलले, "चूक माझी आहे, मग हातही माझाच."

आनि पाटलांचं घर आलं.

पाऊस लागलेला. मास्तर अंगनात उभे. त्याच अंगनात त्यांचे वडील उभे ऱ्हायचे, खळं झाल्यावर, धोतराचा सोगा पसरून. दादा ओट्यावर सुपारी कातरत बसलेले. मास्तरांनी तेच सांगितलं, एक शब्द कमी नाय, जास्त नाय. दादांची मंडळी आतनं रोपाच्या मुठी घेऊन आली, चांगल्या भरलेल्या, आनि तिनं त्या खाली ठेवल्या. अंगनात, चिखलात. नेहमीसारख्या. आनि मागं सरली.

मास्तर वाकले नाय.

नुसते उभे, दोन्ही हात फुडं करून. पानी टोपीवरनं नाकावर, नाकावरनं हातावर. मला वाटलं, मीच उचलावं आनि पळावं. पन तवा मला तो चुना आठवला. वरनं टाकलेला.

काय झालं दादांच्या मनात, देव जाने. सुपारी खाली ठेवली. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी ओट्यावरनं उतरले, पावसात आले, वाकून त्या मुठी उचलल्या आनि मास्तरांच्या हातात दिल्या. हाताला हात लागला. बोलले, "घे रं मास्तर. चुकलो बोलायला बी छाती लागते."

त्यानंतर गावात कोनाला नाय बोलायची सोय ऱ्हायली नाय. संध्याकाळपर्यंत बांधावर मुठींचा ढीग.

दुसऱ्या दिवशी मास्तर लावनीला बी आले. ती मात्र काय इचारू नका! सायन्स येत व्हतं, लावनी नाय. त्यांची वळ अशी वाकडी, जसा बैल मुतला. आमी बाया हसून हसून चिखलात बसलो. त्या वर्सी भात पोटापुरता आला. पोरं उपाशी निजली नाय.

आनि फुडले सगळे रविवार मास्तर परत सायकलीवर. जिथं जिथं राबाचं बोलले व्हते तिथं तिथं जाऊन बोललेलं परत घेतलं. पोरं मागं लागायची, "कर्म-मास्तर आला, कर्म-मास्तर आला!" मास्तर सायकल थांबवून सांगायचे, "कर्म नाही रे, कर्ब." पन मंडळी, एक गोष्ट त्यांनी परत घेतली नाय. राबाचं चुकलं, पन हवेत कर्ब वाढतोय हे खरंच हाय, ते मी मागं घेनार नाय, असं प्रत्येक चावडीवर सांगितलं. पळसदरीला कोनीतरी बोललं, दिसत तर नाय. तर बोलले, "पेल्यातल्या पाण्यात तरी कुठं दिसत होता, फुंकेपर्यंत?" आपलं चुकलेलं सोडायचं आनि खरं मातुर सोडायचं नाय, हे दोन्ही एका मानसाला जमलेलं मी दुसऱ्यांदा बघितलं नाय.

ह्या उन्हाळ्यात घरी आले व्हते. भाकरी-वांगं खाल्लं. हात धुताना मलाच बोलले, "पारूबाई, तुम्ही ऐकलंत ते अगदीच चूक नव्हतं हो. केलेलं वर साठतं खरं. फक्त मागच्या जन्मीचं नाही, ह्याच जन्मीचं. आणि करणारा एक, भोगणारे भलतेच."

मी बोलले, "म्हंजे माझंच बरोबर व्हतं की वो!" तर किती हसले. तेच शेवटचं हसनं मी ऐकलं.

म्हनून सांगते पाव्हने, राग मानू नका. मास्तर कुठल्या मागल्या जन्मीचं फेडायला आले नव्हते. ह्या जन्मात जे चुकलं, ते ह्याच जन्मात, सोताच्या हातानं, माझ्या शेतात लावून गेले. वाकड्या वळीत. मानूस भर उमेदीत गेला ह्याचं दुःख करा, माझ्या बी काळजाचं पानी झालंय. पन त्याला कर्म बोलू नका. त्यांच्या पोरीच्या कानावर तर तो शब्द पडूच देऊ नका.

अवंदा माझं रोप चांगलं आलंय. राब भाजला, ह्यांना भावाकडं ठेवून. त्यातली एक मूठ मी संगं आनलीय, ही बघा, पिशवीत. आल्यापासनं इचार करत व्हते, फोटोफुडं ठेवावी का. नाय ठेवनार. खाली नाय ठेवनार मी.

वयनी, जरा उठा. हात फुडं करा.

अशी.

आता सगळे उभे ऱ्हा, मंडळी. जरा वेळ कोनी बोलू नका. पन श्वास रोखू नका. मास्तर सांगायचे, सोडलेला श्वास वाया जात नाय, झाड घेतं, भात घेतो. इतकी वर्सं ह्या वर्गांतनं बोलून बोलून सोडलेला त्यांचा श्वास माझ्या शेतापर्यंत आला असंलच की. सावकाश घ्या. सावकाश सोडा.

मास्तर, पारूचा रामराम घ्या. वरनं टाकलेला नाय. हातात दिलेला हाय.